जागा एक, दावेदार तीन

आपल्या होस्टेलवर वादाला विषय लागत नाही, फक्त लाईट जायला हवी. लाईट गेली की सगळे गॅलरीत, आणि गॅलरीत आले की सुरू! मेसच्या वरणात डाळ किती, सबमिशनची तारीख पुढं ढकलणार की नाही, हे विषय दहा मिनिटांत संपतात. त्यानंतर जो विषय निघतो तो मात्र पहाटेपर्यंत पुरतो : अमुक जागेवर सगळ्यात भारी खेळाडू कोण?

कबड्डीवाले डाव्या कोपऱ्यावरून भांडतात. बास्केटबॉलवाले मोजून सात-आठ जण, पण आवाज सत्तर जणांचा. त्यांचं पॉइंट गार्ड म्हणून मॅजिक जॉन्सन मोठा की स्टीफन करी, हे अजून ठरायचं आहे. क्रिकेटवाल्यांचं तर विचारूच नका. सलामीला कोण, चौथ्या नंबरवर कोण, यष्टीमागं कोण, प्रत्येक जागेचा वेगळा खटला! आणि प्रत्येक खटल्यात कोणीतरी शेवटी हुकमाचा एक्का टाकतोच, "अबे, तो एवढा भारी होता तर इंडियाकडून खेळला कामून नाही?"

झालं! समोरचा गप्प. वाद संपला असं सगळे समजतात.

मित्रांनो, हा लेख त्या एक्क्याच्या विरोधात आहे. माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न उत्तरासारखा वाटतो, पण ते उत्तर नाही. कोण खेळला हे सांगायला एक यादी पुरते. कोण चांगला होता हे सांगायचं असेल तर आधी जागा किती होत्या आणि त्या जागेची आखणी कोणी केली, हे विचारावं लागतं. हे पटवून द्यायला मी एक जुना खटला उघडतो. आपल्या महाराष्ट्राचा एक मोठा खेळाडू त्यात आयुष्यभर अडकला. जागा होती १९७० च्या दशकातल्या भारतीय संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची. दावेदार तिघं : बिशनसिंग बेदी, मुंबईचे पद्माकर शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल.

आधी आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय आपल्या लोकांचं समाधान होत नाही.

बेदी डिसेंबर १९६६ मध्ये कोलकात्यात पहिली कसोटी खेळले आणि १९७९ पर्यंत खेळत राहिले. ६७ कसोटी, २६६ बळी, सरासरी २८.७१. सगळ्या प्रथम श्रेणी सामन्यांत मिळून १५६० बळी, सरासरी २१.६९. त्यातले बरेच बळी इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायर कौंटीकडून खेळताना मिळालेले.

शिवलकर प्रथम श्रेणीचे १२४ सामने खेळले. ५८९ बळी, सरासरी १९.६९. एका डावात पाच किंवा जास्त बळी ४२ वेळा. कसोटी सामने शून्य.

गोयल १५७ सामने खेळले. ७५० बळी, सरासरी १८.५८. त्यातले ६३७ बळी एकट्या रणजी करंडकात, आणि तो रणजीचा विक्रम आहे. कसोटी सामने शून्य!

आता आपला एखादा हुशार कॅल्क्युलेटर काढून म्हणेल, "सरासरी सगळ्यात कमी गोयलची, म्हणजे गोयल एक नंबर, शिवलकर दोन, बेदी तीन. खल्लास!" थांब बाबा. प्रॅक्टिकलला आपण काय शिकतो? रीडिंग कोणत्या कंडिशनला घेतलं ते आधी लिहायचं, मग तुलना करायची. बेदींच्या सरासरीत वेस्ट इंडीज, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचे फलंदाज आहेत, परदेशातल्या थंड हवेतल्या खेळपट्ट्या आहेत. गोयल आणि शिवलकर यांचं जवळपास सगळं रीडिंग देशातल्या मैदानांवरचं. मग दोघांतही फरक आहे. शिवलकरांच्या मागं मुंबईचा तगडा संघ होता. धावा फळ्यावर लागलेल्या असायच्या आणि झेल पकडायला एकनाथ सोलकरांसारखा माणूस जवळ उभा असायचा. गोयल यांना कारकिर्दीत बराच काळ तसा संघ मिळाला नाही. आपल्या गोलंदाजीवरच सामना ओढायचा, अशी त्यांची अवस्था असे. म्हणजे तीन दावेदार, तीन वेगवेगळी मशिनं, तीन वेगवेगळे लोड. नुसती सरासरी लावून पहिला-दुसरा-तिसरा काढणारा माणूस व्हायवात नापास!

पण उलट बाजूनं होणारी चूक याहून मोठी आहे, आणि ती आपण रोज करतो. शिवलकरांच्या नावापुढं कसोटी बळींच्या रकान्यात शून्य आहे. आपण ते शून्य वाचून म्हणतो, "बघा, कसोटीत काहीच नाही." अरे, रीडिंग शून्य येणं वेगळं आणि रीडिंग घेतलंच नाही हे वेगळं! जर्नलमध्ये एखादा रकाना कोरा असेल तर सर विचारतात, प्रयोग केलास का? तिथं आपण शून्य लिहून दिलं तर जर्नल फेकून देतील. पण खेळाडूच्या बाबतीत आपण तो कोरा रकाना बिनधास्त शून्य म्हणून वाचतो. टेस्टिंग मशीनवर लावलीच नाही ती सळई कमजोर ठरते का? तिची ताकद आपल्याला माहीत नाही, एवढंच फार तर म्हणता येईल.

मग जिथं रीडिंग घेतलं गेलं तिथं काय दिसतं? १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना. मद्रासचं चेपॉक मैदान, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. खेळपट्टी अशी की चेंडू हातभर वळत होता. मुंबईचा पहिला डाव १५१ वर आटोपला. तामिळनाडू सर्वबाद ८०, त्यात शिवलकरांचे १६ धावांत ८ बळी. मुंबई पुन्हा ११३. तामिळनाडू दुसऱ्या डावात सर्वबाद ६१, शिवलकर १८ धावांत ५ बळी, उरलेले पाच सोलकरांचे. सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. मुंबईनं ओळीनं पंधराव्यांदा रणजी करंडक जिंकला. सामन्यात ३४ धावांत १३ बळी घेणाऱ्या या माणसाला त्यानंतरही कसोटीची टोपी मिळाली नाही.

आता कोणी म्हणेल, "खेळपट्टीच तशी होती, कोणीही घेतले असते." अरे भाऊ, खेळपट्टी दोन्ही संघांना तीच होती! तामिळनाडूकडं वेंकटराघवन होते, व्ही. व्ही. कुमार होते. दोघंही कसोटी खेळलेले फिरकी गोलंदाज. मुंबईच्या दोन डावांत मिळून २६४ धावा झाल्या, तामिळनाडूच्या १४१. मदत सगळ्यांनाच होती, तिचा जास्त उपयोग एकाच माणसानं केला.

असो. आता जागेकडं वळू, कारण खरी गंमत तिथं आहे.

"बेदी होते म्हणून शिवलकर नाहीत" हे वाक्य आपण इतक्या सहज म्हणतो, जणू एका संघात एकच डावखुरा फिरकी गोलंदाज असावा असा क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकात नियमच आहे. तसा नियम कधीच नव्हता. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी पहिल्यांदा हरवलं. त्या सामन्यात बेदी होते आणि सलीम दुराणीही होते. दोघंही डावखुरे फिरकी. दुसऱ्या डावात सोबर्स आणि लॉईड हे दोन मोठे मोहरे दुराणींनीच टिपले. पुढं १९८१-८२ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिलीप दोशी आणि रवी शास्त्री एकत्र खेळले. तेही दोघं डावखुरे फिरकी. आणि अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे २९ जून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. रवींद्र जडेजा, अक्षर पटेल आणि कुलदीप यादव, डाव्या हातानं फिरकी टाकणारे चक्क तीन जण एकाच अकरात! आपण विश्वचषक जिंकलो. त्या रात्री होस्टेलच्या जिन्यावर जो धिंगाणा झाला तो रेक्टर सरांना अजून आठवत असेल.

मग १९७० च्या दशकात अडचण काय होती? दुराणी, शास्त्री, जडेजा, अक्षर यांच्याकडं बघा, उत्तर मिळेल. हे सगळे फलंदाजीही करतात. म्हणजे न लिहिलेला नियम असा होता की दुसऱ्या डावखुऱ्याला जागा आहे, पण त्याला बॅट धरता आली पाहिजे. शिवलकर आणि गोयल दोघंही शेपटातले फलंदाज. तिथं ते कमी पडले हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण मग हेही म्हणा की ते गोलंदाज म्हणून नव्हे, फलंदाज म्हणून मागं राहिले. "गोलंदाजीत कमी होते म्हणून खेळले नाहीत" हे त्यातून कसं निघतं?

आणि हा फलंदाजीचा नियम तरी सगळ्यांना सारखा होता का? भागवत चंद्रशेखर ५८ कसोटी खेळले. बळी २४२, धावा १६७. धावांपेक्षा बळी जास्त! पण त्यांना कोणी म्हणालं नाही की बाबा, आधी बॅटिंग शिकून ये. त्यांनी सामने जिंकून दिले, त्यामुळं म्हणायचं कारणही नव्हतं. म्हणजे गोलंदाज पुरेसा भारी असेल तर शेपूट लांब झालेलं चालत होतं.

नोव्हेंबर १९७४ ची बंगळूर कसोटी तर या खटल्यातला सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या सामन्यातून बेदींना शिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवलं होतं. म्हणजे ज्यांच्यामुळं जागा नाही असं म्हणायचे, तेच नव्हते. जागा मोकळी! गोयल यांना संघात बोलावलं गेलं. पण अकरा नावं जाहीर झाली तेव्हा त्यात गोयल नव्हते. प्रसन्ना आणि वेंकटराघवन असे दोन ऑफस्पिनर आणि सोबत चंद्रशेखर खेळले. एरवी याच दोघांत एका जागेसाठी ओढाताण असायची. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात प्रसन्ना एकही कसोटी खेळले नव्हते, ऑफस्पिनरची जागा वेंकटराघवन यांची होती. बंगळूरला मात्र दोघंही बसले. म्हणजे ऑफस्पिनरच्या एका जागेच्या दोन जागा होऊ शकल्या, आणि डावखुऱ्याची मोकळी झालेली एक जागासुद्धा डावखुऱ्याला मिळाली नाही. गोयल यांना पुढं कधीच कसोटी खेळायला मिळाली नाही.

तर माझा निकाल असा. बेदींची जागा हक्काची होती. परदेशात, मोठ्या फलंदाजांसमोर, वर्षानुवर्षं त्यांनी ती सिद्ध केली. शिवलकर बेदींपेक्षा भारी होते असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणायला लागणारं रीडिंगच अस्तित्वात नाही. पण मायदेशातल्या एखाद्या मालिकेत, वळणाऱ्या खेळपट्टीवर, त्यांना बेदींच्या जोडीला खेळवून बघायला हवं होतं. एवढंच नव्हे, गोयल यांनाही. न खेळवल्याचं नुकसान त्या दोघांचं झालंच, पण संघाचंही झालं. सुनील गावस्करांनी १९८३ च्या 'आयडॉल्स' या पुस्तकात जगातल्या दिग्गजांच्या रांगेत शिवलकर आणि गोयल या दोघांवर लिहिलं आहे. जगातल्या तेज आणि फिरकी गोलंदाजांना खेळलेला सलामीवीर कसोटी न खेळलेल्या दोघांना त्या रांगेत बसवतो, याला काहीतरी अर्थ आहे. नियामक मंडळानं २०१७ मध्ये दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले, बेदी २०२३ मध्ये, शिवलकर मार्च २०२५ मध्ये. तिघंही आता नाहीत, पण खटला जिवंत आहे.

कोणी म्हणेल, हे जुनं झालं, आता असं होत नाही. मग अमोल मुजुमदार बघा. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळीनं शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा, पदार्पणातला तेव्हाचा विश्वविक्रम. प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ मध्ये मुंबईला कप्तान म्हणून रणजी करंडक मिळवून दिला. कसोटी? एकही नाही. मधल्या फळीत सचिन होताच, १९९६ मध्ये द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण हे तिघंही आले. आता त्या चौघांतून कोणाला काढता? मी तरी काढणार नाही. पण म्हणून मुजुमदार कमी होता असंही म्हणणार नाही. तो ज्या वर्षांत जन्मला त्या वर्षांत जागा कमी आणि माणसं जास्त होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच पॅड बांधून बसलेला मुलगा होता. त्यानं सगळं भरून निघालं असं मी म्हणत नाही, न मिळालेली टोपी ती न मिळालेलीच. पण ज्याला खेळच कळत नाही असा माणूस विश्वविजेता संघ घडवत नाही.

आता मुंबई-मद्रासहून आपल्या गावाकडं येऊ. जागा कशी तयार होते याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपला हिंगोली जिल्हाच आहे. १ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यात होतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात. म्हणजे तोपर्यंत सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढ्याच्या पोरांना जिल्ह्याच्या पायरीवर परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या पोरांशी झगडावं लागायचं. दुसऱ्या दिवशीपासून हिंगोलीचा जिल्हा वेगळा, जिल्ह्याचा संघ वेगळा! पोरं तीच, त्यांचे हात-पाय तेच, ३० एप्रिलला जेवढं खेळत होती तेवढंच १ मेला खेळत होती. पण नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि कबड्डीच्या, खो-खोच्या, व्हॉलीबॉलच्या संघात नव्या जागा तयार झाल्या. त्या वर्षी जो पोरगा पहिल्यांदा जिल्ह्याकडून खेळला असेल तो आदल्या वर्षी नालायक होता का? त्याच्या आधीच्या बॅचचा, वय निघून गेलेला पोरगा? त्याला कोणी विचारलं असेल, "भारी होता तर जिल्ह्याकडून कामून नाही खेळला?" तर त्यानं काय सांगावं?

म्हणून हा वाद नुसता लाईट गेल्यावरचा टाइमपास नाही. गॅदरिंगच्या स्पर्धा जवळ आल्या की आपल्याकडं संघ कसे निवडले जातात, ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी खेळला तो यंदा खेळणार, सिनियर आहे तो खेळणार, कॅप्टनच्या ब्रँचचा आहे तो तर खेळणारच. फर्स्ट इयरला खेड्यातून एखादा पोरगा येतो. शेताच्या बांधावर टेनिस बॉलनं खेळून त्यानं हात तयार केलेला असतो. त्याला नेटमध्ये सहा चेंडू टाकायला लावतात आणि पाणी द्यायला बसवतात. चार वर्षं तो पाणीच देतो. शेवटी आपणच म्हणतो, "तो काही खास नव्हता, एक मॅच खेळला नाही." कोरा रकाना, आपण शून्य वाचतो! मुलींच्या होस्टेलची अवस्था तर याहून वाईट. तिथं कित्येकदा संघच पुरा होत नाही म्हणून नाव दिलं जात नाही. मग जागेचा वाद घालायला जागाच कुठं उरते?

माझ्या तीन सूचना आहेत. पटल्या तर घ्या. एक, संघ निवडायच्या आधी प्रत्येक जागेचं काम काय ते कागदावर लिहा, मग त्या कामाला माणूस शोधा. आधी माणूस आणि मग त्याच्या मापाची जागा, हे बंद. दोन, प्रत्येक दावेदाराला एक तरी पूर्ण सामना द्या, खराखुरा, स्कोअर लिहिलेला. सहा चेंडूंत शिवलकर ओळखता येत नाही. तीन, स्कोअरबुक जपून ठेवा आणि पुढच्या बॅचच्या हाती द्या. आपल्याकडं गॅदरिंग संपलं की स्कोअरबुकाच्या पानांवर मेसचा हिशोब लिहितात, आणि मग दोन वर्षांनी कोण भारी होतं हे आवाजाच्या जोरावर ठरतं. क्रीडा विभागाच्या सरांनी हे एवढं मनावर घ्यावं ही विनंती.

वाद घालू नका असं मी मुळीच म्हणत नाही. वाद नसेल तर होस्टेल कसलं! बेदी की शिवलकर, मॅजिक की करी, जडेजा की अक्षर, खुशाल भांडा, लाईट येईपर्यंत भांडा. फक्त पुढच्या वेळी कोणी तो एक्का टाकला, की "भारी होता तर खेळला कामून नाही?", तर गप्प बसू नका. त्याला शांतपणे विचारा, "भाऊ, जागा किती होत्या?"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी